मावशी म्हणायचं

आईजवळ राहायला मिळणार म्हणून जागृतीने चार वर्षं कळ काढली, आणि आईजवळ आली त्याच दिवशी आई हातची गेली.

म्हणजे गेली कुठेच नाही. समोरच होती. अक्कलकुव्याच्या अलीकडे महामार्गाला लागून मुलींची आश्रमशाळा आहे, तिच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलींचं वरण ढवळत उभी होती. जागृतीचा बाप वर्षातले सात-आठ महिने गुजरातेत ऊसतोडीला, आणि आई रमिलाबाई इथे स्वयंपाकाला. म्हणून पोरगी मोलगीच्या वर डोंगरात मामा-मामीकडे वाढली. आई महिन्यातून दोन रविवारी जीपने वर यायची आणि सोमवारी कोंबडं आरवायच्या आत परतायची. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला गेलीस की माझ्याजवळच, असं आई दर खेपेला सांगायची, आणि जागृतीने ते देवाच्या शब्दासारखं धरून ठेवलं होतं.

जूनमध्ये नाव घातलं. नवी पेटी, पेटीला कुलूप, दोन गणवेश, एक बादली. अधीक्षिका चारुलता मॅडमनी मायलेकींना ऑफिसात बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, पण दुधाने तोंड पोळलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका स्वयंपाकीणबाईची मुलगी इथेच शिकत होती. तिच्या ताटात जास्त पडतं अशी कोणाच्या तरी पालकाने तक्रार केली, अर्ज वरपर्यंत गेला आणि त्या बाईचं काम सुटलं. तेव्हा मॅडमनी आधीच सांगून टाकलं, "सगळ्या मुली हिला मावशी म्हणतात. तूही मावशी म्हणायचं. फाटकाच्या आत ही तुझी आई नाही."

रमिलाबाईने मान डोलावली. दाण्यागोट्याचा भाव ऐकून डोलवावी तशी, सहज. जागृतीला मॅडमचा राग नाही आला. त्या डोलणाऱ्या मानेचा आला.

आता नव्या मुलींचा दिवस कसा असतो ते काय सांगायचं. पाचला घंटा. नळाला रांग, संडासाला रांग, नाश्त्याला रांग. डोंगरातल्या पोरीला जन्मात जेवढी माणसं मागे-पुढे उभी राहिली नसतील तेवढी इथे पहिल्याच सकाळी राहतात. केसांना तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. परिपाठाला ओळीत उभं राहायचं आणि न कळणाऱ्या मराठीत प्रतिज्ञा म्हणायची. संध्याकाळी हजेरी, मग अभ्यास, सातला जेवण, नऊला दिवे बंद. पहिले आठ दिवस अर्ध्या मुली रडतात. ज्या रडत नाहीत त्यांना ताप येतो.

जागृती रडली नाही आणि तिला तापही आला नाही. ती नुसती बघत राहिली. काय बघत होती, तर आपली आई दोनशे जणींना कशी वाटून दिली आहे ते. न्याहारी आटोपली की रमिलाबाई ओसरीच्या पायरीवर बसायची आणि पहिली-दुसरीतल्या पोरी तिच्यासमोर वेणी घालून घ्यायला एकामागून एक बसायच्या. ती कोणाचं नाक पुसायची, कोणाच्या उवा काढायची. कोणी रडत आली की पदराने तोंड पुसून, चुलीपाशी घटकाभर बसवून घ्यायची. जागृती पाचवीतली, मोठी. तिने आपली वेणी आपण घालायची.

आणि जेवण. वाढणारा आपला असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं म्हणतात. वर्गातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी हे तिला ऐकवलं होतं, हिची काय मजा आहे बाबा म्हणून. मजा अशी, की जागृतीचं ताट पुढे आलं की रमिलाबाईचा हात आखडायचा. टोपलीतली तुटकी भाकर शोधून तिला. वरणाचा वरचा पातळ डाव तिला. शनिवारी अंडी असायची, त्यातलं तडकलेलं तिला. आईने नियम असा पाळला की नियम करणारीलाही लाज वाटावी. जागृती ताट पुढे करायची, खाली बघून "मावशी" म्हणायची आणि पुढे सरकायची. तिच्या मागच्या मुलीच्या ताटात चांगली फुगलेली भाकर पडलेली ती तिरक्या नजरेने बघायची. त्या मुलीचं नावही तिला ठाऊक नसायचं, पण ती तिला आवडेनाशी व्हायची. अशा किती मुली तिला आवडेनाशा झाल्या त्याचा हिशेब नाही.

शहाद्याकडची सिंधुबाई रमिलाबाईच्या जोडीला भाकऱ्या भाजायची. तिने एकदा जागृतीला नळापाशी गाठलं आणि म्हणाली, "पोर, सोतानी मायले तू मावशी म्हनस? माले तं ऐकीसन कसंतरीच वाटस." जागृती बादली उचलून चालती झाली. कसंतरी वाटण्याची पाळी सिंधुबाईची नव्हती.

अकरा दिवस असे गेले आणि मग रुपा आली.

रुपा सहा वर्षांची, पहिलीत, जागृतीच्याच बाजूच्या डोंगरातली. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. लहान मुलगी आली की तिच्यासाठी एक मोठी मुलगी नेमायची अशी इथली रीत. दोघींची बोली एक म्हणून मॅडमनी रुपाला जागृतीच्या गळ्यात घातलं. तिला उठवायचं, आंघोळ घालायची, वर्गात सोडायचं. जागृतीने ते इमानाने केलं. पण रुपा जेवेना. ताटासमोर बसायची आणि ताटाकडे बघायची. तिसऱ्या दिवशी रमिलाबाईने वाढायचा डाव सिंधुबाईच्या हातात दिला, पोरीसमोर फतकल मारली, वरण-भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. रुपाने तो खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तोंड वर करून म्हणाली, "याहा."

याहा म्हणजे आई. आणि रमिलाबाई म्हणाली, "ओ."

दोन ताटं सोडून जागृती बसली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो शब्द तिने गिळून ठेवला होता, तो तीन दिवसांच्या पाहुणीने बेधडक उच्चारला, आणि आईने त्याला ओ दिली. ना इकडे पाहिलं, ना तिकडे. वर आणखी एक घास भरवला. त्या रात्रीची भाकर जागृतीने ताटाखाली सरकवली आणि उपाशी झोपली. कोणाच्या लक्षात आलं नाही, हेही तिने मोजून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाखाली रुपाचं डोकं चोळता चोळता तिने तिला समजावून सांगितलं. त्या बाईला याहा म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. याहा म्हटलेलं मॅडमनी ऐकलं तर मॅडम तिला हाकलून देतील, मग तुला जेवायला कोण घालणार? सांगताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. खोटं पचायला त्यात थोडं खरं असावं लागतं, आणि ते यात होतं. फक्त ते रुपासाठी खरं नव्हतं, जागृतीसाठी होतं. लहान मुलींना कोणी काही म्हणायला बंदी केली नव्हती. साबणाने डोळे चुरचुरत असताना रुपाने मान डोलावली. तिचा मराठीतला पहिला शब्द मावशी. तो तिला जागृतीने शिकवला.

पोरीने तो शब्द एकदाच उच्चारला, तोही तोंडातल्या तोंडात. मग तिने बोलणंच सोडलं. रमिलाबाई घास घेऊन समोर आली की ही ओठ घट्ट मिटून दाराकडे बघायची, मॅडम येतात का म्हणून. पुन्हा जेवण बंद. शुक्रवारी संध्याकाळच्या हजेरीला तिचा पत्ता नव्हता. फाटकावरच्या मगनभाऊने तिला हाताला धरून आणली. आपल्याहून जड पेटी ओढत ती महामार्गाकडे निघाली होती.

जागृतीला वाटलं होतं, याहा बंद झालं की आपल्या जिवाला थंडावा मिळेल. झालं उलटंच. आता रमिलाबाईचं सगळं ध्यान त्या पोरीत. चुलीवरचं उतू जायचं आणि ही ओसरीवर रुपाच्या कपाळाला हात लावून बसलेली. जागृतीने पाणी म्हणून ओतलं ते तेल निघालं, आणि भडका तिच्याच घरात.

रविवारी दुपारी रमिलाबाई स्वयंपाकघरामागच्या कट्ट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने जागृतीला नावाने हाक मारली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा, एकटीला. जागृती हातातलं धुणं टाकून धावत गेली आणि आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. तांदळाचा वास, आईच्या लुगड्याचा धुराचा वास. तिला वाटलं, आता मिळालं.

"रुपाला तू काय सांगितलंस?" आईने त्यांच्या बोलीत विचारलं. सुपावरची मान वर केली नाही.

म्हणजे बोलावलं ते यासाठी. जागृतीने लपवलं नाही. लपवण्याइतकं बळच उरलं नव्हतं. सगळं भडाभडा बाहेर आलं. तुटकी भाकर, तडकलेलं अंडं, पायरीवरच्या वेण्या. आणि शेवटी तेच. "तू तिला ओ दिलीस. याहा तू माझी आहेस की तिची? मला मावशी म्हणायला लावलंस आणि तिला ओ दिलीस."

रमिलाबाईने एक खडा वेचून लांब टाकला.

"तू मामीला काय म्हणायचीस?" तिने विचारलं.

जागृती सुपातले दाणे बोटाने सारू लागली.

"मामीची पोरं याहा म्हणायची, म्हणून तूही म्हणायचीस. मी जीपमधून उतरून चढण चढून दाराशी यायचे. तू आत चुलीपाशी बसून मागत असायचीस, याहा, भाकर दे. मामी ओ म्हणायची. मी दाराशी उभी राहून ऐकायचे आणि मग खोकून आत यायचे."

हे जागृतीला कधी सुचलंच नव्हतं. ती मामीला काय म्हणत होती, हे तिने आजवर मोजलं नव्हतं. तिने फक्त आपलं काय गेलं ते मोजलं होतं. तिने विचारलं, तुला राग यायचा का?

"जळायचे मी. परतताना जीपमध्ये तोंडाला पदर लावून बसायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं?" रमिलाबाईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मामीने ओ दिली नसती, तर चार वर्षं तू हाक कोणाला मारली असतीस?"

जागृतीला रडू आलं, शाळेत आल्यापासून पहिल्यांदा. आईने जवळ घेतलं नाही. फाटकाच्या आत होत्या दोघी. तिने सूप पाखडलं आणि एवढंच म्हणाली, की त्या पोरीच्या तोंडचा घास तू काढलास, आता तूच घाल.

काढणं सोपं होतं. सोमवारी सकाळी नळापाशी जागृतीने रुपाला परोपरीने सांगितलं, मी खोटं बोलले, मॅडम काही करत नाहीत, तू खुशाल याहा म्हण. रुपा नाही-नाही म्हणून मान हलवत राहिली. ज्या तोंडाने भीती घातली त्याच तोंडाने काढली तर कोण विश्वास ठेवणार? लहान असली तरी खुळी नव्हती. दुपारीही ती जेवली नाही.

संध्याकाळच्या जेवणाला रांग लागली. चारुलता मॅडम दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. जागृतीने रुपाला आपल्या मागे उभी केली आणि तिचं मनगट धरून ठेवलं. एकेक ताट पुढे सरकत होतं, मावशी, मावशी, मावशी. मॅडमनी ऐकलं तर उद्या अर्ज, परवा आईचं काम जाणार आणि तिला पुन्हा डोंगर. हे सगळं तिला नीट कळत होतं. तिची पाळी आली. तिने ताट पुढे केलं आणि रुपाला ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली, "याहा."

रमिलाबाईचा हात टोपलीतच थांबला. मॅडमनी रजिस्टरमधून मान वर केली आणि कोण ते, म्हणून रांगेवर नजर फिरवली. रमिलाबाईने ओ दिली नाही. नेहमीसारखी तुटकी भाकर उचलून जागृतीच्या ताटात टाकली आणि मराठीत म्हणाली, पुढे सरक.

जागृती सरकली. मागे रुपा आता एकटी उभी होती. तिने मॅडमकडे पाहिलं, जागृतीकडे पाहिलं. कोणी कोणाला हाकललं नव्हतं. मग तिने दोन्ही हातांनी ताट वर केलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "याहा."

मॅडमनी पाहिलं, पहिलीतली पोर. त्यांनी मान पुन्हा खाली घातली.

"ओ," रमिलाबाई म्हणाली.

ती ओ रुपाला होती. जागृतीला ते पक्कं ठाऊक होतं, आणि पोटात अजूनही जळत होतं. तरी पाठमोरी उभी राहून तिने त्यातली अर्धी ठेवून घेतली.