लाल पानांचा साक्षीदार

आष्ट्याच्या अर्जुना फोटोग्राफरला लाल पानांचं झाड शोधण्यासाठी साखर कारखान्याची जीप मिळाली, तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांना वाटलं, जीप मिळवायची ही नवीन युक्ती असावी. दोघातिघांनी आपल्यालाही झाड शोधायचं असल्याचे अर्ज केले.

त्याचं असं झालं. कारखान्याचे चेअरमन आप्पासो यांच्या खोलीत एक जर्मन कॅलेंडर होतं. मशिनरी आली तेव्हा एका खोक्यात तेही आलं होतं. त्यातलं ऑक्टोबरचं पान आप्पासोंना इतकं आवडलं, की त्यांनी ते पुढं उलटूच दिलं नाही. चित्रात एक आडरस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, झाडांवर लाल पानं, रस्त्यावर लाल पानं. माणूस एकही नाही. दीड वर्ष त्या खोलीत ऑक्टोबर चालू होता.

"असलं आपल्या मुलखात न्हाई व्हय रं?" आप्पासोंनी विचारलं. अर्जुना त्या दिवशी संचालक मंडळाचा फोटो काढायला आला होता.

"हाय की," अर्जुना म्हणाला.

का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. 'आपल्याकडं न्हाई' असं म्हणणं आष्ट्याच्या माणसाला जड जातं, एवढंच. त्यानं जन्मभर ऊस पाहिला होता. ऊस हिरवा असतो, मग तोडतात, मग नसतो. मधे लाल होण्याची सोय नाही.

"मग आन त्याचा फोटो. पाडव्याला आपलं कॅलेंडर काढायचं. सोमवारी माणूस कोल्हापूरला छपाईचा ब्लॉक करायला जातोय, तंवर पायजे."

"आणतो. रंग मी भरीनच."

अर्जुनाच्या कॅमेऱ्यातून निघायचं ते सगळं काळंपांढरं. रंग तो वरून कापसाच्या बोळ्यानं भरायचा, आणि त्या कामात त्याचं नाव होतं. एकदा नवरीच्या ओठांचा रंग उरला म्हणून त्यानं तो नवऱ्याच्या बापालाही लावला, तेव्हापासून तर नाव तालुकाभर झालं होतं.

"रंग भर की," आप्पासो म्हणाले. "पण झाड मुळात लाल पायजे. हिरव्या झाडाला लाल रंग फासलेला मी खपवून घेणार न्हाई."

"पण आप्पासो, काळ्यापांढऱ्या फोटोत कुणाला..."

"जोतीराम साक्षीला येईल. त्यानं लाल म्हणलं तर लाल."

जोतीराम म्हणजे कारखान्याचा ड्रायव्हर. पंधरा वर्षं पलटणीत ट्रक चालवलेला. तो खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि त्यामुळं त्याला कुणी लग्नाच्या बैठकीला बोलवत नसे.

इकडं घरी वेगळीच तारीख ठरली होती. अर्जुनाचे वडील सयाजी हवालदार पलटणीतून रिटायर झालेले. सोमवारीच साताऱ्याला भरती होती आणि त्यांनी मुलाची छाती दोनदा मोजून ठेवली होती. एकदा श्वास घेऊन, एकदा सोडून.

"चेअरमननं फोटो घेतला तर तुझं दुकान चालू," ते म्हणाले. "न्हाई घेतला तर सोमवारी पहिल्या गाडीनं सातारा. मंजूर?"

"मंजूर, आबा."

अर्जुनाला लढाईचं भय फारसं वाटत नव्हतं. त्याचा जीव गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाट लावून केलेल्या अंधाऱ्या खोलीत होता. तिथं औषधात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर माणसाचं तोंड हळूहळू वर यायला लागलं, की त्याला श्वास घ्यायची आठवण राहायची नाही. पलटणीत असली खोली मिळते का, असं त्यानं वडिलांना विचारून पाहिलं होतं. अंधारी खोली मिळते, पण ती शिक्षा म्हणून मिळते, असं उत्तर आलं.

गुरुवारी सकाळी जीप निघाली. इस्लामपूर, कऱ्हाड, पाटण. पाटणच्या पुढं डांबर संपलं आणि खडी लागली. खडी संपली आणि माती लागली. तीही संपली, तेव्हा जोतीराम म्हणाला, "आता झाडं असत्याल. दुसरं हितं काय असणार?"

"तात्या, तुमी काश्मिरात व्हता. तिथं लय असत्यात म्हणं लाल झाडं?"

"असत्यात."

"कशी दिसत्यात?"

"काय म्हाईत. मी ट्रकच्या खाली असायचो."

फाल्गुन चालू होता. झाडं बघावीत तर निम्मी उघडी, निम्मी धुळीनं भरलेली. वाटेत भेटेल त्याला विचारत जायचं ठरलं. पहिल्याच वाडीत एक म्हातारा भेटला.

"बाबा, हिकडं लाल पानांची झाडं कुठं हायत?"

"कापायला आलाय?"

"न्हाई."

"मग मोजायला?"

"न्हाई वं. नुसती बघायला."

म्हाताऱ्यानं जीपकडं पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या तिपाईकडं पाहिलं. तसली तिपाई घेऊन आलेली माणसं त्यानं पूर्वी पाहिली होती.

"धरण कुठं बांधताय?" त्यानं विचारलं.

प्रत्येक वाडीत असंच. झाडं नुसती बघायला कुणी कारखान्याची जीप घेऊन येईल, ह्यावर माणसं विश्वास ठेवायला तयार नव्हती. शेवटी अर्जुनानं सरळ सांगितलं, की मी फोटोवाला आहे. मग विश्वास बसला, आणि त्यापेक्षा वाईट झालं.

रोल एकच होता. सांगलीच्या दुकानदारानं तोही मेहरबानी म्हणून दिलेला. त्यात बारा फोटो. आता ज्यानं रस्ता सांगावा त्यानं बदल्यात फोटो मागावा. एका पैलवानाचा काढला. एका नव्या विहिरीचा काढला. एका गृहस्थानं बैल आणला आणि फोटो बैलाचा एकट्याचाच काढा म्हणाला, आपण मधे आलो तर बैलाची किंमत कमी दिसेल.

"नुसता खटका दाबल्यासारखं कर की," जोतीराम म्हणाला. "त्यांला काय कळतंय?"

अर्जुनाला ते जमेना. माणूस केसांना पाणी लावून, सदऱ्याचं वरचं बटण लावून समोर उभा राहिला की त्याला फसवायला हात उचलत नसे. शुक्रवारी दुपारपर्यंत अकरा फोटो संपले. झाड एकाही फोटोत नव्हतं.

आणि तीन वाजता एका वळणावर जोतीरामनं जीप थांबवली.

रस्ता म्हणजे दोन चाकं कशीबशी जातील एवढाच. दोन्ही बाजूंना कोशिंबाची झाडं, आणि कोशिंबाला नवी पालवी फुटलेली. पालवी लाल. म्हणजे लालसर किंवा तांबूस असलं काही नाही, कुंकवाच्या करंड्यात झाड बुडवून काढावं तशी लाल. खाली रस्त्यावर ऐनाच्या आणि किंजळाच्या वाळल्या पानांचा घोटाभर थर. जर्मन लोकांकडं हे ऑक्टोबरात होत असेल, इथं फाल्गुनात होत होतं. माणूस एकही नाही.

"तात्या, काय रंग हाय?"

जोतीराम खाली उतरला. एक पान तोडलं, उलटं करून पाहिलं, चावून पाहिलं. "लाल," तो म्हणाला.

पण ऊन डोंगराआड गेलं होतं. एकच फोटो शिल्लक. सावलीत काढला आणि फसला, तर साताऱ्याची पहिली गाडी. सकाळचं ऊन थेट झाडांवर आलं असतं. अर्जुना हिशेब करत उभा होता, तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून एक माणूस आला. तळपेवाडीचा कारभारी हरिबा. अर्जुनानं त्याला सगळं सांगितलं. ह्या रस्त्याचा फोटो कॅलेंडरवर जाणार, शेकडो घरांत लागणार.

"आमच्या रस्त्याचा?" हरिबा म्हणाला.

"व्हय. उद्या सकाळी येतो. फकस्त एक करा. कायबी करू नका. हाय असा राहू द्या."

"आवं, काय काळजी करू नका."

"एक पानसुद्धा हलवू नका."

"कळलं की," हरिबा म्हणाला आणि हसला. त्या हसण्याकडं अर्जुनानं लक्ष द्यायला हवं होतं. त्या मुलखात पाहुणा 'काय करू नका, घरचीच भाकरी चालंल' म्हणाला, की बाई लगेच पुरण शिजत घालते. पाहुण्यानं नको म्हणायचं असतं आणि घरच्यानं ते ऐकायचं नसतं. अर्जुनानं तर दोनदा नको म्हटलं होतं.

मुक्काम पाटणला जोतीरामच्या साडूकडं झाला. सकाळी आठला ते वळणावर पोचले.

रस्ता झाडून काढला होता. नुसता झाडला नव्हता, शेणाचा सडा घातला होता आणि सड्यावर रांगोळी होती. एकूण एक पान उचललेलं. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना, सरकारी रस्त्याला देतात तसे पट्टे. कोयता पोचेल तिथपर्यंतच्या लाल फांद्या छाटलेल्या. दोन झाडांच्या मधे आंब्याच्या हिरव्यागार पानांचं तोरण. आणि तोरणाखाली अख्खी तळपेवाडी, चौसष्ट माणसं, धुतलेल्या कपड्यांत.

जोतीरामनं इंजिन बंद केलं.

"पानं कुठं गेली?" अर्जुनानं विचारलं.

"वाया न्हाई घालवली," हरिबा म्हणाला. "राबाला घातली." खालच्या खाचरातून धूर निघत होता. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्या भाजणीत जर्मन ऑक्टोबर जळत होता. "लय कचरा झाला व्हता. काल तुमी तोंडानं बोलला न्हाईसा, पर आमाला वंगाळ वाटलं."

"आनि फांद्या?"

"ती पालवी कवळी असती, रोगट दिसती. कॅलेंडरला बरी दिसली नसती."

अर्जुना बोनेटला टेकला. वर शेंड्याला अजून लाल होतं. माणसं बाजूला झाली, कॅमेरा वर केला, तर निदान झाडांचे शेंडे मिळाले असते. शेंडे लाल, साक्षीदार हजर. खालचा रस्ता त्यानं रंगानं पानांनी भरला असता.

"हरिबा, तुमी सगळी जरा बाजूला व्हता का? फोटो रस्त्याचा हाय."

कुणी हललं नाही. पुढं काठी टेकून हरिबाची आई राहीबाई उभी होती. तिनंच उत्तर दिलं.

"रस्ता आमी केलाय, बाबा. तीन वर्सांमागं वर आलो तवा हितं रान व्हतं. आमच्याबिगर त्यो रस्ता कसा म्हणायचा?"

"म्हंजे आधी तुमी कुठं व्हता?"

राहीबाईनं काठीनं डोंगराखाली दाखवलं. तिथं कोयनेचं पाणी चमकत होतं. "तितं. गाव पान्यात हाय. फोटो काढायचा ऱ्हायला त्याचा."

अर्जुनानं जोतीरामकडं पाहिलं. जोतीराम टायर बघत होता. टायरला काही झालेलं नव्हतं.

"बरं," अर्जुना म्हणाला.

मग पंचाईत वेगळी झाली. चौसष्ट माणसं एका फोटोत बसेनात. प्रत्येकाला मानाप्रमाणं पुढं यायचं होतं, आणि मान चौसष्टही जणांना होता. अर्जुनानं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून अचानक घरातलाच, आबांचा आवाज निघाला.

"लाईन बन! उंच मागं, बुटकी पुढं, म्हातारी खाली! हिल मत!"

तळपेवाडी जागच्या जागी सरळ झाली. एक शेळीसुद्धा थांबली. अर्जुनानं बारावा फोटो काढला.

रविवारी दुपारी त्यानं तो रंगवला. शेंडे लाल केले. रस्त्यावर पानं काढायला बोळा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. राहीबाईच्या पायाखाली सडा इतका स्वच्छ दिसत होता, की त्यावर कचरा टाकायला त्याचं मन होईना. शेवटी रस्ता तसाच ठेवून तो जोतीरामला घेऊन आप्पासोंच्या घरी गेला.

आप्पासोंनी फोटो हातात धरला. लांब धरला. जवळ धरला.

"जोतीराम, झाडं लाल व्हती?"

"व्हती."

"रस्त्यावर पानं व्हती?"

"व्हती. शुक्रवारी."

"मग फोटोत न्हाईत ती?"

"फोटो शनवारचा हाय."

"कुठं गेली रातीत?"

"गावानं झाडली. चौसष्ट जणांनी. सडा घातला."

"कुणी सांगितलं झाडायला?"

"कुणीबी न्हाई. ह्यानं तर झाडू नका म्हणून सांगितलं व्हतं."

अर्जुनाला साताऱ्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला लागला. आप्पासो फोटोवर बोट ठेवून माणसं मोजत होते. चाळिसाच्या पुढं त्यांनी चष्मा पुसला.

"सांगूनबी न झाडणारी माणसं मी रोज बघतो," ते म्हणाले. "आनि त्या जर्मनांच्या रस्त्यावर बघ. घोटाभर कचरा. एवढी मशिनरी करत्यात, खराटा कुणाच्या घरात न्हाई?" त्यांनी फोटो पाकिटात घातला. "उद्या कोल्हापूरला जातोय ह्यो. आनि त्या वाडीला घरटी एक कॅलेंडर पोच कर, जोतीराम."

अर्जुना घरी आला तेव्हा सयाजी हवालदार ओट्यावर बसले होते.

"घेतला?"

"घेतला, आबा."

"कशाचा हाय?"

"चौसष्ट माणसांचा. तीन रांगा."

"सरळ?"

"सरळ."

हवालदार उठले. मग आत जाऊन इस्त्रीचा सदरा बाहेर काढला, खुंटीला लावला आणि पिशवीत दोन भाकरी बांधायला सांगितल्या.

"आबा, फोटो घेतलाय म्हणलो की. आता साताऱ्याला कशाला?"

"तू नगंस. मी जातोय."

"तुमी? भरतीला?"

"त्यांला सांगाय नको व्हय, तू येणार न्हाईस म्हणून? उगं वाट बघत बसत्याल," हवालदार म्हणाले, आणि सोमवारी पहिल्या गाडीनं खरोखरच गेले.