माझी जोडलेली पाने

मी एक जुना अंक आहे, आणि मला राग आला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आवाज खाली आणतात, उसासे टाकतात, 'गेले ते दिवस' म्हणतात. मला ते जमणार नाही. मी रागातच सांगणार आहे. तुम्ही शांतपणे ऐका.

मी राज्यशास्त्राच्या एका त्रैमासिकाचा अंक. राज्यशास्त्र म्हणजे काही फार अवघड नाही. शहराचा, देशाचा कारभार कोण चालवतो, कसा चालवतो, आणि ज्यांच्यासाठी चालवतो त्यांना कोणी काही विचारतो का, याचा अभ्यास. माझ्यात नळाच्या पाण्याच्या वाटपावर लेख आहे, बसथांबे कोणाच्या दारात होतात यावर लेख आहे. आज कोणी असले विषय घेत नाही. का घेत नाही, ते पुढे येईलच.

माझा जन्म छापखान्यात झाला. मोठ्या कागदावर एकदम सोळा पाने छापतात, त्याच्या घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात आणि मग तिन्ही बाजूंनी कापतात. कापले की घड्या सुटतात आणि पाने उलटता येतात. त्या दिवशी कटिंग मशीनवरचा माणूस घरून जावयाशी भांडून आला होता आणि ते भांडण त्याने मशीनसमोरही चालूच ठेवले होते. माझ्यातला एक फर्मा आत सरकलेला होता, तो त्याला दिसला नाही. पाते खाली आले, सगळ्यांना कापून गेले, पण त्या एका फर्म्यापर्यंत पोचलेच नाही. त्याची पाने टोकाला जोडलेलीच राहिली, चिकटवलेल्या पाकिटासारखी. हाताळणाऱ्याला ते कळत नाही. वाचणाऱ्याला पहिल्याच झटक्यात कळते. माझी सगळी गोष्ट एवढ्यातच आहे.

त्या फर्म्यात जो लेख होता, तो एका तरुण शिक्षिकेने लिहिला होता. तिला सगळे चौकबाई म्हणत, कारण ती कायम कुठल्या ना कुठल्या चौकसभेत बसलेली असे. शहराच्या प्रत्येक भागात महिन्यातून एकदा नगरपालिकेचे अधिकारी चौकात येऊन बसत. लोक त्यांना तोंडावर विचारत, दिवे का नाहीत, गटार का तुंबले, कचरागाडी कुठे गेली. आधी या सभा संध्याकाळी होत. मग अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी त्या दुपारी तीनला होऊ लागल्या, आणि लवकरच नगरपालिका म्हणू लागली, "लोक येतच नाहीत. लोकांना रस नाही."

चौकबाईची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धूत असे. ती लेकीला म्हणाली होती, "दुपारी तीनला मी कुठे असते गं? वाफेत! जेवण कुलपात ठेवायचं आणि पोरांना भूकच नाही म्हणायचं, असलं झालं हे."

चौकबाईने मग दारोदार फिरून विचारले. कोण कधी कामावरून सुटते, सभेची खबर कोणाला मिळते, पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखून ठेवतात. सगळे तपासून तिने लेख लिहिला. तेव्हाचे संपादक शिस्तीचे होते. ते म्हणत, "समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडा, आणि मगच खोडा." तिने तसेच केले. लेखाच्या पहिल्या पानावर तिने नगरपालिकेचे म्हणणे पुरेपूर मांडले: 'नागरिकांना चौकसभांमध्ये रस उरलेला नाही, आणि अशा सभा चालवणे व्यर्थ आहे.' आणि पान उलटले की पहिलेच वाक्य होते: 'हे सगळे खोटे आहे.'

पहिले पान त्या फर्म्याच्या अगदी बाहेरच्या बाजूला आले होते, म्हणून न कापताही ते दिसत होते. 'हे सगळे खोटे आहे' मात्र जोडलेल्या पानांत राहिले.

आता रागाचे कारण लक्षात येते आहे ना?

चौकबाईने तिला मिळालेली प्रत मोठ्या आशेने नगरपालिकेत नेऊन दिली. ती प्रत कुठल्या खणात गेली ते खणालाच ठाऊक. मी विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात राहिलो, संपादकांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात. माझी बाकीची भावंडे हळूहळू रद्दीत गेली. जुने संपादक निवृत्त झाले आणि त्या खुर्चीवर आकडेसर आले. हे त्यांचे खरे नाव नव्हे, विद्यार्थ्यांनी ठेवलेले. चहा पितानाही ते आकडेच सांगत.

मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. अभ्यासक लेख लिहितो तेव्हा त्याने कोणाकोणाचे वाचले ते तळाशी नोंदवतो. त्याला संदर्भ देणे म्हणतात. फार चांगली पद्धत आहे ती. तुम्ही घरी म्हणता ना, 'मी ताईला विचारलं, ती हो म्हणाली'? तसेच. पण त्यासाठी आधी ताईला विचारलेले असावे लागते! पुढे कोणीतरी हे संदर्भ मोजायला सुरुवात केली. ज्या पत्रिकेतल्या लेखांचे संदर्भ जास्त, तिचा प्रभाव मोठा. प्रभावाचा एक आकडाच निघू लागला, आणि आकडेसरांना जेवण गोड लागेना.

त्यांनी आधी विषय बदलले. कोणी नळाच्या पाण्यावर लेख आणला की ते म्हणत, "विषय छान आहे, पण याचा संदर्भ देणार कोण? काहीतरी जागतिक आणा." मग जागतिक लेख येऊ लागले. त्यांत माणसे नसत, गल्ली नसे, पण संदर्भ भरपूर मिळत. तरीही आकडा पुरेना, तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली. लेख स्वीकारला की ते लेखकाला सांगत, "बाकी सगळं उत्तम. फक्त आपल्या जुन्या अंकांतले चारपाच संदर्भ घाला, मग छापू." माझ्या पाठीला पाठ लावून बसलेला माणूस हे रोज बोलत होता, आणि एकदाही मागे वळून त्याने कपाट उघडले नाही.

जुने अंक संगणकावर चढवायचे काम निघाले तेव्हा माझी पाने जोडलेली दिसली. ते काम करणाऱ्याने विचारले, "सर, याचं पुढचं उलटत नाहीये. काय करू?"

"पहिलं पान आलंय ना?"

"आलंय."

"मग झालं. लोक तेवढंच बघतात."

आणि लोकांनी खरोखरच तेवढेच पाहिले. कोणाला घाईने चारपाच संदर्भ हवे असले की माझे पहिले पान समोर येई. एकाने लिहिले, 'चौकसभा व्यर्थ असल्याचे या अभ्यासात सिद्ध झाले आहे.' दुसऱ्याने पहिल्याचे बघून लिहिले, तिसऱ्याने दुसऱ्याचे. माझ्या पोटात एक होते आणि माझ्या नावावर त्याच्या बरोबर उलटे खपत होते. माझा आकडा वाढत गेला. आकडेसर पाहुण्यांना काचेतून मला दाखवत आणि म्हणत, "हा आपला सगळ्यात प्रभावी अंक." मित्रांनो, एखाद्याने रोज तुमची स्तुती करावी आणि तुम्ही जे कधीच बोलला नाही त्यासाठी करावी, मग कसे वाटेल? मला कपाटाची काच फोडावीशी वाटे.

एक दिवस चौकबाई त्या खोलीत आली. केस पांढरे झाले होते, ती निवृत्त झाली होती. हातात वर्तमानपत्र होते. नगरपालिका चौकसभा कायमच्या बंद करणार, अशी त्यात बातमी होती. ठरावात कारण दिले होते: 'संशोधनातून सिद्ध'. आणि संशोधन म्हणून तिचेच नाव.

आकडेसर उठून उभे राहिले. "या या बाई! अभिनंदन! आपल्या पत्रिकेतला सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेला लेख तुमचाच."

"वाचला का कोणी?"

"अहो, एवढ्या जणांनी संदर्भ दिलाय!"

"वाचला का, असं विचारलं मी."

आकडेसर हसले. "तुमचा स्वभाव काही बदलला नाही. नगरपालिकेच्या परवाच्या बैठकीत तज्ज्ञ म्हणून मीच बोलणार आहे. तुमचं नाव अगदी आदरानं घेईन."

"माझी प्रत नगरपालिकेनं हरवली. हा अंक नेऊ?"

"न्या की. कपाट नाहीतरी रिकामंच करायचंय."

कितीतरी वर्षांनी मी त्या कपाटातून बाहेर आलो, तो असा.

घरी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. तिची आई मटार सोलत बसली होती. आता ती फार म्हातारी झाली होती, पण हात थांबलेले नव्हते. चौकबाईने पान उलटायला घेतले, उलटेना. तिने बोटाने कड चाचपली, मग दिव्यासमोर धरली. आणि खुर्चीवर बसलीच.

"आई, हा कापलेलाच नाही. छापल्यापासून कोणी उघडलेला नाही."

"आणि सगळे म्हणतात वाचला?"

"सगळे."

ती उठली, सुरी घेऊन आली. आईने मटाराची वाटी तिच्या आणि माझ्या मध्ये सरकवली. "थांब. इथे कापून काय मिळेल? मी बघणार आणि मटार बघणार. तसाच ने. त्या शहाण्याच्या हातात दे आणि म्हण, वाच बाबा."

बैठक दुपारी तीनलाच होती. मोठे सभागृह, लोकांसाठी ठेवलेली बाके जवळजवळ ओस. मागे दोनचार निवृत्त माणसे पेंगत होती, आणि पुढच्या राखीव खुर्चीवर चौकबाईची आई जाऊन बसली होती. शिपाई म्हणाला, "आजी, ही जागा मान्यवरांची आहे." ती म्हणाली, "मग बरोबर बसलेय."

आकडेसर बोलले. माझ्या पहिल्या पानावरचे वाक्य त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवले. नगराध्यक्ष मान डोलावत होते. चौकबाई उठली आणि तिने मला आकडेसरांसमोर ठेवले.

"सर, आता पुढचं पान वाचा."

"हो, अवश्य." त्यांनी पान उलटले. क्रमांक उडी मारून पुढे गेला. त्यांनी मागे येऊन पाहिले. चाळले, कड खरवडली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाची बोटे माझ्या आत शिरायचा प्रयत्न करत होती, आणि मी उघडत नव्हतो.

"हा... हा अंक सदोष आहे," ते म्हणाले.

"आहे. आणि तो इतकी वर्षं तुमच्या खुर्चीमागे होता. याचाच संदर्भ द्या म्हणून तुम्ही लोकांना सांगत होता."

मागची पेंगणारी माणसे जागी झाली. कोणीतरी फसकन हसले. चौकबाईने कारकुनाच्या टेबलावरची लोखंडी पट्टी उचलली, माझ्या घडीत घातली आणि ओढली. करकर आवाज झाला. दुखले. पण किती बरे वाटले! मग तिने मोठ्याने वाचले, "हे सगळे खोटे आहे." एका दमात तिने सारा लेख वाचला. धुलाईघर, कामाच्या वेळा, राखीव खुर्च्या, सगळे. शेवटचे वाक्य असे होते: 'सभा संध्याकाळी घ्या, आणि मग मोजा.'

नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "हे ठीक आहे, पण ठराव छापून झालाय."

"छापलेलं चुकीचं असू शकतं, हे आत्ताच बघितलंत ना?" पुढच्या खुर्चीवरून आई म्हणाली. "एक सभा संध्याकाळी घ्या. कोणी नाही आलं तर बंद करा. मी स्वतः टाळ्या वाजवीन."

नगराध्यक्ष कबूल झाले. सभा संध्याकाळी झाली. मी चौकबाईच्या मांडीवर होतो. कामाच्या कपड्यांतली माणसे आली, पोरे कडेवर घेऊन आली. जागा संपली तेव्हा जिन्यावर बसली, आणि गटारापासून सुरू झालेले बोलणे संपेचना. आई खुर्चीवर ताठ बसून होती. तिला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत. ठराव मागे घेतला गेला.

माझा राग जायला हवा होता. पण पुढच्या अंकात आकडेसरांनी संपादकीय लिहिले: 'आमच्या पत्रिकेतील लेखामुळे नगरपालिकेला आपला निर्णय बदलावा लागला. यापेक्षा मोठा प्रभाव कोणता?' खाली माझा संदर्भ दिला होता, आणि पृष्ठ क्रमांक पुन्हा पहिल्याच पानाचा. बाईने ते आईला वाचून दाखवले. दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला. मला हसू येत नाही. मी कागदाचा आहे, मला सगळे लक्षात राहते.

आता मी चौकातल्या सभेच्या खोलीत टेबलावर असतो. मला कुलपात ठेवू नका, काचेमागे तर मुळीच ठेवू नका. माझी स्तुती करायची असेल तर करू नका, आधी मला उघडा. पटले नाही तर समासात तसे लिहा, मला राग येणार नाही. आणि 'मी वाचलंय' हे शब्द जपून वापरा. त्या दोन शब्दांवर एका शहराची सभा बुडणार होती.

माझ्या कापलेल्या कडा खरखरीत आहेत, बोट फिरवून बघा. चौकबाईने त्या दिवशी फक्त आपल्या लेखाची पाने कापली. तिच्या लेखानंतर त्याच फर्म्यात आणखी एक छोटा लेख आहे, बसथांब्यांवरचा. त्याची पाने अजून जोडलेलीच आहेत. त्यात काय लिहिले आहे ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

येताना पट्टी घेऊन या.