कव्हरावरची बाई

"ही बाई कोण हाय, तेवढं सांगा," म्हणत गोजरबाईंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि रेवणप्पांच्या टेबलावर ठेवली.

रेवणप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटो त्यांच्याच स्टुडिओतला. "तुम्हीच की बाई."

"मी? मग माजं गोंदण कुटं गेलं?"

रेवणप्पांनी कव्हर डोळ्यांपाशी नेलं.

१९७४ सालचा उन्हाळा होता. सहा महिन्यांमागं मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं सांगोल्याकडच्या गोजरबाईंची गाणी रेकॉर्ड केली आणि कव्हराचा फोटो सोलापुरातच काढून पाठवा, असं कळवलं. रेवणप्पांना कोण आनंद! चादरींच्या जाहिराती आणि लग्नाच्या मुलींचे फोटो यांत त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. गाण्याच्या कव्हराचं काम पहिलंच. त्यांनी जीव ओतला. दिवे पेटवलेच नाहीत. बाईंना उत्तरेच्या खिडकीपाशी बसवलं आणि दुसऱ्या अंगाला पांढरी चादर ताणून बांधली, म्हणजे तिच्यावरून परतलेला उजेड सावलीतल्या गालावर मऊ पडतो. कव्हर चौकोनी, म्हणून फोटोही चौकोनात बसवला. नाव छापायला डोक्यावर चार बोटं जागा मोकळी सोडली. मग म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. खिडकीबाहेर बघा आणि एक कडवं म्हणा." कडवं संपून बाईंनी श्वास घेतला, त्या क्षणी त्यांनी फोटो टिपला.

इथवर सगळं चोख होतं. माती झाली ती नंतर, आणि तीही हाताच्या सवयीनं.

रेवणप्पांच्या पेन्सिलीचं गावात नाव होतं. मुलीच्या तोंडावर देवीचे व्रण असले, की स्थळाला पाठवायचा फोटो काढायला आईबाप तिला त्यांच्याकडंच आणत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले की व्रणांचे खड्डे भरतात. कडा जास्तच उठून दिसत असतील तर चाकूनं हलकेच खरवडायच्या. पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते; चाकूनं गेलेलं मात्र गेलंच. गोजरबाईंच्या निगेटिव्हला चाकू लागला नव्हता. एका दुपारी रेवणप्पांनी पेन्सिलीनं त्यांच्याही तोंडावरचे व्रण भरले आणि त्याच झपाट्यात कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदणही भरून टाकलं. बाईंना विचारलं नाही. बाईमाणसाला आवडणारच, असं ते धरून चालले होते.

"देखणी हाय ओ, लई देखणी हाय," गोजरबाई म्हणाल्या. "पर ती मी न्हवं. ही रेकॉड ऐकून पल्याडल्या गावच्या पंचांनी उरसाला बलावलं. गेले, तर म्हणत्यात, ह्यातली बाई कुटं हाय? तितंच उबं ऱ्हाऊन गाऊन दावलं. म्हणत्यात, आवाज तिच्यावानी हाय, पर लोकास्नी फोटूतली बाई पायजे. माज्याच गाण्याला मी खोटी ठरले, आप्पा."

"मी कंपनीला लिहितो."

"लिवून काय हुतंय? छापून झाल्या. घराघरांत गेली ती." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "माज्या आयनं गोंदवून घेतलं हुतं. जत्रंत हरवली तर वळखू यावी म्हणून."

रेवणप्पांना मान वर करवेना. "अर्धा तास बसा," एवढंच म्हणून ते निगेटिव्ह शोधायला आत गेले.

बाहेरच्या खोलीत त्यांची बायको चंद्रव्वा पुठ्ठ्यांवर फोटो चिकटवत बसली होती. काचेच्या कपाटात, तिच्या डोक्यावरच, एका अठरा वर्षांच्या मुलीचा मोठा फोटो होता. तोंड कसं नितळ. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर बोळा फिरवताना रेवणप्पांना पडद्याआडून गोजरबाईंचा आवाज ऐकू आला.

"ह्या कोण ओ?"

"मीच म्हणं," चंद्रव्वा म्हणाली.

चंद्रव्वाच्या तोंडावर देवीचे व्रण होते, गोजरबाईंपेक्षाही दाट. गिऱ्हाइकं तिच्यासमोर उभी राहून विचारत, ही मुलगी कुठल्या गावची? आणि ती खाली बघून डिंक लावत राही. वीस वर्षं रेवणप्पा हे ऐकत आले होते आणि त्यांना वाटत आलं होतं, की ही आपली तारीफ चालली आहे.

रसायनाच्या ट्रेमधल्या कागदावर गोजरबाई हळूहळू वर आल्या. आधी डोळे, मग गोंदण, मग एकेक व्रण. इतका चांगला फोटो रेवणप्पांनी जन्मात काढला नव्हता, आणि तो त्यांनीच कुणाला दिसू दिला नव्हता. स्वतःच्या हाताची त्यांना किळस आली.

फोटो सुकवून त्यांनी गोजरबाईंच्या हाती दिला. बाई बघत राहिल्या. "व्हय, ही मी," त्या म्हणाल्या. "लावा ह्याच्यावर." चंद्रव्वानं डिंकाची वाटी पुढं सरकवली. रेवणप्पांनी तो फोटो कव्हरावर, त्या दुसऱ्या बाईच्या तोंडावर चिकटवला. बाईंनी रेकॉर्ड पिशवीत घातली नाही. फोटो बाहेरच्या अंगाला येईल अशी छातीशी धरली आणि उन्हातून एस.टी. स्टँडकडं चालू लागल्या.

"माज्या बी निगेटिव्हची काच पुसा की," मागून चंद्रव्वा म्हणाली.

रेवणप्पा वळले. वीस वर्षांत ती त्या फोटोबद्दल त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

"त्या काचेला चाकू लागलाय," ते म्हणाले.

"म्हंजी परत यायची न्हाय ती."

"न्हाय."

चंद्रव्वानं पदराला हात पुसले. खिडकीपाशी जाऊन ती स्टुलावर बसली, पाठ ताठ करून. "मग आत्ताची काढा."

रेवणप्पांनी चादर ताणली नाही. कॅमेरा तिच्यासमोर आणला आणि काळ्या कापडात डोकं घातलं. मागच्या काचेवर चंद्रव्वा उलटी दिसत होती, एका बाजूच्या उजेडात व्रण न् व्रण मोजता येईल अशी.

"हसू का?" तिनं विचारलं.

त्यांनी भिंग पुढंमागं केलं.

"झालं का?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"हलू नको," रेवणप्पा कापडाच्या आतूनच म्हणाले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.