थिथियाला सिशिया म्हणणारा लॅपटॉप

फिजीत सुवाच्या धक्क्यावर बोटीच्या कचेरीत उनाइसी चौदा वर्षं आरक्षणाचं काम करत होती. लहानपणी गोवरात डोळे गेले, पण कोण कुठल्या बेटावर निघालंय आणि सोबत किती चटया, किती कोंबड्या, हे तिला तोंडपाठ. पडद्यावरचं सगळं लॅपटॉप तिच्या कानात वाचायचा, तेही असं भरभर की शेजारच्या टेबलावरचा इनोके म्हणायचा, "गरम तेलात पाणी पडल्यासारखं वाजतंय. कळतं तरी का तुला?"

"तुमच्या बडबडीपेक्षा बरं कळतं, इनोकेदादा."

तो लॅपटॉप शेवटी थकला. कंपनीने नवा घेतला. बसवून देणारा माणूस आला त्या दिवशी उनाइसी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. त्याने जुन्यातली कागदपत्रं नव्यात घातली आणि जुना घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तिने नव्याचं झाकण उघडलं. आवाज नाही. हाताखालची बटणंही दुसरीकडेच सरकलेली.

"सुरू झालाय," इनोके वाकून म्हणाला. "निळं आहे सगळं. खाली 'पुढे' लिहिलंय. दाबू?"

"आधी वर काय लिहिलंय ते वाचा."

"लांबलचक आहे ग."

"असू दे. वाचायचं तुम्ही, ठरवायचं मी."

इनोकेने नाखुशीनेच वाचायला घेतलं. चौथ्या प्रश्नाला आवाज सुरू करायचा का, हेच विचारलं होतं. इनोकेने 'पुढे'वरचं बोट काढून घेतलं; तो ते न वाचताच पुढे जाणार होता.

आवाज आला. उनाइसीने शुक्रवारच्या बोटीची यादी उघडली. आवाज म्हणाला, सिशिया. मग म्हणाला, लेकीबा.

तिचे हात थांबले. थिथिया आणि लाकेंबा या बेटांची नावं होती ती. इंग्रजी आवाजाला फिजीची नावं म्हणता येत नाहीत. लिहायचं सी आणि म्हणायचं थ, लिहायचं बी आणि म्हणायचं म्ब, हे एकेका नावाला शिकवावं लागतं. हा वाचणारा प्रोग्रॅम आल्यापासूनच्या नऊ वर्षांत तिने बेटांची, माणसांची अशी अकराशे नावं शिकवली होती. त्यांची यादी कागदपत्रांत नव्हती, वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात होती.

तिने त्या माणसाला फोन लावला.

"असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं, बाई," तो ओशाळून म्हणाला. "जुन्यातलं सगळं तर सकाळीच पुसलं."

तिने फोन ठेवला. इनोकेने लिंबाच्या पानांचा चहा तिच्या हातात दिला.

"जिथे सी दिसेल तिथे थ म्हण, असं एकदाच सांगून टाक की त्याला."

"सांगितलं होतं पहिल्या वर्षी. तर 'कॅन्सल'ला 'थान्थल' म्हणायला लागला."

इनोके खो खो हसला. तीही हसली, पण मग म्हणाली, "त्यातली कितीतरी माणसं आता नाहीत, दादा. कोणाकोणाची नावं होती, तेही मला आठवणार नाही."

इनोकेने खुर्ची ओढली. "शुक्रवारी त्रेसष्ट जण आहेत. सांग, कुठे दाबू?"

"दाबू नका काही. नुसतं नाव म्हणा, तुमच्या गावात म्हणतात तसं."

दोन दिवस तो म्हणत राहिला आणि ती शिकवत राहिली. मधेच तिची करंगळी सवयीने जुन्या जागी जाई आणि आवाजच बंद होई; मग तिने त्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. शुक्रवारी तिने धक्क्यावर, लॅपटॉप कानात म्हणेल तशी, यादी मोठ्याने वाचून दाखवली. दोन नावं चुकली. एक म्हातारी मागून ओरडली, "माझ्या नवऱ्याचं नाव तरी धड घे." उनाइसीने माफी मागून ते तिच्याकडूनच म्हणवून घेतलं.

बोट सुटल्यावर तिने लॅपटॉप बसवणाऱ्या त्या माणसाला पुन्हा फोन केला.

"पुढच्या महिन्यात लाम्बासाच्या कचेरीतल्या सेराचा लॅपटॉप बदलणार आहात ना? तिलाही दिसत नाही. नावांची यादी कुठे असते ते लिहून घ्या, म्हणजे जुना पुसण्याआधी ती नव्यात घालता येईल."

"थांबा, पेन घेतो," तो म्हणाला.

उनाइसीने त्याला सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग त्याच्याकडून वाचून घेतलं आणि चुकलेलं एक अक्षर दुरुस्त केलं.