पाच किलो कांद्याचं घर

कांदा आटतो तसं माझं घर आटतं. अर्ध्या किलोला फारसं कळत नाही, चपलांचा स्टँड तेवढा दाराला टेकतो. पाच किलोला आधी बाल्कनी जाते, मग बाहेरची खोली. स्वयंपाकघर राहतं, आणि कढईत कडेने तेल सुटलं की सगळं परत जागेवर येतं. अर्धवट सोडलं तर येत नाही. दोन वर्षांपूर्वी बेल वाजली म्हणून मसाला कच्चा असतानाच मी गॅस बंद केला. मधली खोली गेली ती गेलीच. माझी बायको सुमन तेव्हा तिथे शिवणयंत्रावर बसली होती. दुपारी भिंतीला कान लावला की यंत्र चालल्याचं ऐकू येतं.

हायवेवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी अठ्ठावीस वर्षं ग्रेव्ही केली. आता संगमनेरला राहतो आणि रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना शिकवतो. हॉटेलची भाजी हॉटेलसारखी लागते ती या परतलेल्या कांद्याच्या मसाल्यामुळे, हे पहिल्याच दिवशी सांगतो. कांदा उभा चिरायचा. तेलात तमालपत्र, दालचिनी, मग कांदा, आच मंद. ज्याने परतायला घेतलं त्यानेच उतरवायचं. हात बदलला की तेल सुटत नाही, ही आमच्या भटारखान्यातली शिस्त. मुलं एकदा सांगितलेलं विसरतात, मी पुन्हा सांगतो. घराचं मात्र त्यांच्या नीट लक्षात राहतं. बाल्कनी जायच्या वेळी ती रांगेत उभी राहून बघतात.

त्या रविवारी बाकीची मुलं कांदा चिरून, डोळे पुसत घरी गेली. समोरच्या फ्लॅटमधली अन्विता थांबली. नऊ वर्षांची आहे, पण पळी धरते ती मोठ्या माणसासारखी, मुठीतून. ती स्टुलावर उभी राहून परतत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून आलं-लसूण वाटत होतो. बाल्कनी गेली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. फार लवकर गेली होती.

"मीठ घातलंस?"

"मूठभर," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना आजोबा, घाई असेल तर मीठ आधी."

सांगितलं होतं. अर्ध्या किलोसाठी, चिमूटभर. ते मी बोललो नसेन.

मिठाने कांद्याचं पाणी एकदम सुटतं. पाच किलो कांदा आपल्याच पाण्यात शिजत होता, भराभर बसत होता, आणि तेलाचा पत्ता नव्हता. बाहेरची खोली एका दमात गेली. घराचं दार सरळ ओट्याशेजारी येऊन उभं राहिलं. मग स्वयंपाकघरही आत यायला लागलं. फ्रिज माझ्या पाठीला लागला. मी कढईत पाण्याचा हबका मारला. भिंत वीतभर मागे गेली, आणि पाणी उडून गेल्यावर दोन वीत पुढे आली.

साडेबाराला अन्विताची आई, मंजिरी, तिला न्यायला आली. तोवर दार कमरेइतकं झालं होतं. तिने वाकून आत पाहिलं.

"काका, दार लहान झालंय."

"कांदा आटतोय."

तिने आधी मला सुनावलं. घरी पाहुणे येऊन बसलेत, मुलीची अंघोळ राहिली आहे, आणि माझ्या शिकवणीला सुरुवात असते, शेवट नसतो. मग तिचं लक्ष छताकडे गेलं. ते अन्विताच्या वेणीला टेकलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तिला आधी बाहेर द्या."

मी अन्विताला स्टुलावरून उतरायला सांगितलं. तिने मान हलवली. पळी सोडली तर मसाला कच्चा राहील, म्हणाली. कच्चा राहिला तर खोल्या येणार नाहीत, आणि मग मीही सुमनआजीसारखा भिंतीआड राहीन. ती हे पाढे म्हणावेत तसं म्हणाली, एकही शब्द न चुकता. सगळे शब्द माझे होते.

दार गुडघ्याइतकं झालं. स्टूल मी काढून घेतलं, आता ते लागत नव्हतं. अन्विता जमिनीवर उभी होती आणि ओटा तिच्या छातीशी होता.

मी मुलांशी कधी खोटं बोलत नाही. येत नसेल तर येत नाही असं सांगतो, बिघडलं असेल तर बिघडलं म्हणतो. त्या दिवशी मी कढईवर वाकलो, वास घेतला आणि म्हणालो, "झालं. कच्चा वास गेला. सोड पळी."

तिने पळी थांबवली. अन्विता वाकली, डोळे मिटले आणि मी शिकवलं होतं तसा लांब वास घेतला.

"येतोय अजून, आजोबा," ती म्हणाली, आणि पुन्हा परतायला लागली. ती माझ्यावर रागावली नव्हती. माझी चूक तिने सांभाळून घेतली होती.

दाराची नुसती फट उरली. त्यातून मंजिरीचा हात कोपरापर्यंत आत आला, तळवा वर, बोटं पसरलेली. "अन्विता, हात दे."

अन्विताने त्या हाताकडे पाहिलं. पळीच्या टोकावर थोडा मसाला घेतला, फुंकर घालून निववला, आणि चव बघायला देतात तसा आईच्या तळहातावर ठेवला. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

मूठ मिटून हात बाहेर गेला. त्याच्यामागे फट बोटाएवढी झाली. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून, माना वाकवून उभे राहिलो. भिंत अन्विताच्या कोपराला लागली तरी पळी फिरत होती, आणि बाहेर मंजिरी सावकाश चव घेत होती.