मास्तरीणबाईंची चादर

धाकटी सून या घरात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि रविवारी उपासनेनंतर पाळकांनी सगळ्यांसमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं. "मास्तरीणबाईंची नखं कापते, केस विंचरते. प्रभूची सेवा म्हणतात ती हीच!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकट्या राहणाऱ्या बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सूप घेऊन पहिल्यांदा कोण धावलं होतं? कुणाच्या लॉन्ड्रीतून त्यांच्या चादरी फुकट इस्त्री होऊन जात होत्या? आणि धाकटीने काय केलं, तर नखं कापली!

"अगं, कौतुक आपल्याच घरातल्या माणसाचं झालं ना?" वाटेत नवरा म्हणाला.

"मग बसा मिरवत तिला!"

मंगळवारी दुपारी लॉन्ड्रीत धाकटीने शर्टांच्या घड्या बाजूला ठेवल्या आणि ती बाईंकडे निघाली. थोरलीने इस्त्रीवरची नजर हलवली नाही. "आज जाऊ नकोस. त्यांच्याकडे पाहुणे आलेत."

धडधडीत खोटं. पण धाकटी "बरं, ताई" म्हणाली आणि पुन्हा घड्या घालायला लागली. तिने इतक्या सहजी ऐकलं, याचाही थोरलीला राग आला.

मग सुपाचा डबा घेऊन ती स्वतःच निघाली. बाईंच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोंदट, उग्र वास भरला होता.

"आलीस का गं पोरी?" बाईंनी मान वळवली, थोरलीला बघितलं आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "तू? धाकटी कुठंय?"

"तिला काम आहे. सूप आणलंय, गरम आहे तोवर घ्या."

"ठेव तिथे आणि जा. तिला पाठव."

थोरलीला ते झोंबलं. "ती करते ते मला जमत नाही होय?" म्हणत तिने पांघरूण बाजूला केलं, आणि ती तशीच उभी राहिली. चादर कमरेपासून खाली ओली होती, घाण झाली होती. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हे नेहमीच होतं?"

"हल्ली रोजचंच."

"पण माझ्याकडे तर चादरी स्वच्छ येतात."

"ती इथेच धुते, वाळवते, मग तुझ्याकडे आणते. मीच म्हटलं होतं तिला, कुणाला कळू देऊ नकोस. तुला तर मुळीच नको."

"मलाच का?"

"तू सूप आणतेस ते अख्ख्या चर्चला ठाऊक असतं गं."

डबा तिथेच टाकून निघून जावं असं थोरलीला वाटलं. धाकटी इथेही पुढेच होती, आणि तीही कुणाला पत्ता न लागू देता! पण बाई ओल्यात पडल्या होत्या. थोरलीने खिडकी उघडली, पदर खोचला, पाणी तापवलं. बाईंना कुशीवर वळवताना तिला उमासा आला. तो तिने कसाबसा गिळला. बाई मुसमुसत होत्या. "पाय जरा उचला," एवढंच थोरली म्हणाली. चादर मोरीत घासून झाली तोवर सूप गार झालं होतं. ते तिने पुन्हा गरम केलं.

लॉन्ड्रीत परतल्यावर ती धाकटीसमोर उभी राहिली. "पाहुणेबिहुणे नव्हते. मी खोटं बोलले."

धाकटीने तिच्या ओल्या पदराकडे पाहिलं. "चादर बदललीत?"

"हो."

"बाई रागावल्या?"

"तुझंच नाव घेत होत्या." हे सांगताना तिचा जीव जळला.

"उद्या दोघी जाऊ या ना, ताई."

"नको. उद्या तू जा, परवा मी."

गुरुवारी वाटेत पाळकबाई भेटल्या. "काय म्हणतात मास्तरीणबाई?" सगळं थोरलीच्या ओठांवर आलं होतं, अगदी मोरीतल्या चादरीसकट. "बऱ्या आहेत," म्हणून ती पुढे झाली. जिना चढता चढता तिने प्रार्थना केली, 'प्रभू, आज तरी त्यांनी धाकटीचं नाव काढू नये.'

दार उघडताच बाई म्हणाल्या, "तूच का? धाकटी नाही आली?"

"आज मीच आहे. घ्या चालवून."

"तिचा हात हलका आहे गं."

"असेल," थोरली म्हणाली. आतला जळफळाट तसाच दाबून तिने बाईंच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना सावकाश कुशीवर वळवलं.