बसका सूर

स्टीलच्या वाटीत कवळी पडल्याचा टक् असा आवाज आला आणि मी हातातलं ओलं ताट तसंच धरून उभी राहिले. दुपारचं घर गप्प होतं. माझी लेक खारू निजली होती, नळ बंद होता, आणि बाबांच्या खोलीतून येणारा क्लॅरिनेटचा आवाज कधी थांबला ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कवळी वाटीत गेली म्हणजे आजही जमलं नाही. जमलं असतं तर ते ती तोंडात ठेवूनच बाहेर आले असते आणि चहा टाक म्हणाले असते.

क्लॅरिनेटचं टोक वरच्या दातांना टेकतं. खालचा ओठ दातांवर दुमडून गादीसारखा, टोकाला बसवलेल्या वेताच्या पत्तीखाली धरायचा, वरून दातांनी पकड घ्यायची आणि मग फुंकायचं. बाबांचे वरचे दात गेल्या वर्षभरात एकामागून एक निरोप घेत गेले. त्यांच्या जागी आलेली कवळी जेवताना शहाण्यासारखी वागायची, वाजवताना मात्र नेमकी घसरायची. दातांचे डॉक्टर म्हणत होते, हिरड्यांना वेळ द्या. बाबा म्हणत होते, हिरड्यांना काय, त्यांना कुठे शनिवारी वाजवायला जायचंय.

शनिवार-रविवार एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये आमचा छोटा बँड वाजतो. मी कीबोर्डवर, बाबा क्लॅरिनेटवर. ड्रम वाजवणारे मास्तर हे बँडचे मालक, मुकादम आणि हमाल. त्यांनी बँड काढला तेव्हा ते आणि बाबा दोघंच होते. मी तर त्यांच्या सामानाच्या पेटाऱ्यावर झोपून मोठी झाले. माझा कीबोर्डही तितकाच म्हातारा. त्यातून पियानो बरा यायचा, बाकी सगळी वाद्यं डबा बडवल्यासारखी.

मागच्या शनिवारी एका संथ गाण्यात, अगदी वरच्या सुरावर, बाबांची कवळी सरकली आणि क्लॅरिनेट शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं किंचाळलं. पुढच्या टेबलावरच्या बाईंच्या हातून चमचा पडला. मागे कोणीतरी हसलं. बाबा थांबले नाहीत. पण राहिलेलं सगळं त्यांनी खालच्या सुरांत वाजवलं, जपून, निजलेल्या माणसाच्या खोलीतून चालावं तसं. नंतर हॉटेलच्या मॅनेजरनी मास्तरांना बाजूला घेतलं, आणि परतताना गाडीत मास्तर हवापाण्याबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घरी आले. मुद्द्यावर यायला त्यांना दोन कप चहा लागला. हॉटेलवाल्यांना आणखी एकदा असं झालेलं चालणार नव्हतं. आता नवे अरेंजर कीबोर्ड मिळतात, डाव्या हाताने सूर धरले की मागे अख्खा ताफा वाजतो, आणि उजव्या हाताला हवं ते वाद्य, अगदी खऱ्यासारखं. तसा एक घ्यावा आणि बाबांच्या वाट्याचं मीच वाजवावं, असं त्यांच्या मनात होतं.

"क्लॅरिनेटही असतं त्यात?" बाबांनी विचारलं.

"असतं."

"आणि ड्रम?"

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "ड्रमही असतात म्हणे."

"मग तू कशाला लागतोस?"

"माझे दात शाबूत आहेत," मास्तर म्हणाले, आणि दोघं इतके हसले की खारू आतून बघायला आली. हसणं ओसरल्यावर मात्र दोघंही तिच्याकडेच बघत राहिले, एकमेकांकडे नाही.

कीबोर्ड मी निवडायचा असं ठरलं. मास्तरांचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता. जन्म ड्रमशेजारी गेल्यावर उरतंय काय, म्हणाले. फक्त क्लॅरिनेट चांगलं हवं. आणि बाबांनी आराम करावा, कवळी बसली की बघू.

त्या 'बघू'नंतर बाबा घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. पाणीसुद्धा विचारून घ्यायचे. पेपर वाचून झाला की घडी घालून होता तिथे ठेवायचे. मला ते बघवेना. मी मनाशी एक ठरवून टाकलं: क्लॅरिनेट जेमतेम वाजेल असाच कीबोर्ड घ्यायचा. मास्तरांना फरक कळणार नाही, पण हॉटेलात रोज जेवणाऱ्यांना कळेल. आज ना उद्या कोणीतरी विचारेल, ते क्लॅरिनेटवाले कुठे गेले. तोवर हिरड्याही सावरतील.

बुधवारी दुकानात जायला निघाले. नवऱ्याची दिवसपाळी, त्यामुळे खारू बरोबर होती. बाबांना सांगितलं नव्हतं, तर ते बूट घालून दारात उभे. म्हणाले, तुला पियानो कळतो, क्लॅरिनेट कोण ऐकणार?

दुकान म्हणजे जिना चढून वर गेलं की एक लांबट खोली. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, नव्या प्लास्टिकचा वास. दुकानदार तरुण आणि सोशिक होता. त्याने तीन कीबोर्ड शेजारीशेजारी मांडले. बाबांनी एक स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कुठला वाजतोय ते दिसायला नको, म्हणाले. डोळे उगाच मध्ये बोलतात. खारू कीबोर्डच्या स्टँडखाली घर मांडून बसली.

पहिल्यावर मी चारच ओळी वाजवल्या असतील. बाबा भिंतीला म्हणाले, "दार उघडा, कोणीतरी घंटा वाजवतंय."

दुसरा दुकानदाराचा लाडका. सूर निघाला तो खोलीभर पसरला, गोड, गुबगुबीत. खारूनेही खालून डोकं काढलं. बाबांनी हात वर केला. आधी तो घुमारा काढा, म्हणाले, न्हाणीघरात कोणीही गवई होतो. दुकानदाराने हसत एक बटण दाबलं. घुमारा गेल्यावर सूर एकदम बारका वाटायला लागला. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. म्हणाले, प्रत्येक सुराला ठरल्या वेळी थरथर सुटतेय. सूर लांब असो की आखूड, आनंदाचा असो की दुःखाचा, याचं घड्याळ एकच. पण मला हाच हवा होता. कानाला गोड आणि आतून पोकळ. थोड्या दिवसांत विटेल असा.

तिसरा दिसायला साधा, काळा, आधी कोणीतरी वापरलेला. मी पट्टी दाबली आणि हात मागे घेतला. आधी किंचित फुंकर आली होती, मग सूर. हळू दाबलं तर मऊ, जोरात दाबलं तर काठाला धार. बोट न उचलता शेजारच्या पट्टीवर गेलं तर सूर तुटत नव्हता, वळत होता. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, बाबांच्या खोलीचं दार उघडं आहे. मी वाजवत राहिले. भिंतीकडे तोंड करून बाबा गुडघ्यावर बोटं चालवत होते.

आणि मग मला पळवाट सापडली. मधल्या सुरांत एक सूर बसका होता. पुन्हा दाबला. तसाच, नाक चोंदल्यासारखा.

मी म्हटलं, हा नको, याच्यात एक सूर बिघडलाय, दुसराच घेऊ. दुकानदार ओशाळला, दोनतीन बटणं दाबून बघितली, आपल्या हे कधी लक्षातच आलं नाही म्हणाला.

बाबा वळले. उठून आले, आणि एका बोटाने ती पट्टी दाबली. मग पुन्हा. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की कवळी सावरायला त्यांना तोंडाशी हात न्यावा लागला.

"हा बिघडलेला नाही गं," ते म्हणाले. "हा सूर प्रत्येक क्लॅरिनेटमध्ये आजारीच असतो. पार नळीच्या वरच्या टोकाशी पडतो, खाली सगळी भोकं उघडी, हवेला धरायला काही नसतं. मी जन्मभर याला लपवत आलो. कीबोर्ड करणाऱ्यांनी कोणीतरी खरा वाजवणारा बसवून एकेक सूर रेकॉर्ड करून घेतलाय, आणि त्या भल्या माणसाने हाही होता तसा देऊन टाकला."

ते पट्टीवरून बोट उचलेनात. लांबच्या नातेवाइकाची अवचित गाठ पडावी तसे त्या सुराकडे बघत होते. मी तरी म्हटलंच, की लोकांना दुसरा आवडेल, हॉलमध्ये तो जास्त उठून दिसेल.

"खोटं बोलताना तुझा आवाज अर्धा सूर चढतो," बाबा म्हणाले. "लहानपणापासून."

"हा घेतला तर तुम्हाला परत कोण बोलावेल?"

स्टँडखालून खारूचा पाय बाहेर आला होता, तो बाबांनी आत सारला. "वाईट वाजणारं क्लॅरिनेट ऐकून लोकांना माझी आठवण यावी, असं वाटतं तुला?"

आम्ही तिसरा घेतला.

घरी जेवणाचं टेबल भिंतीला लावून त्याला जागा केली, आणि माझे हाल सुरू झाले. मी सवयीने दोन सूर एकत्र दाबले की बाबा विचारायचे, वाजवणारा रावण आहे का? फार खाली उतरले की म्हणायचे, नळी केव्हाच संपली, आता तू जमिनीत वाजवतेयस. सगळ्यात मोठी अडचण श्वासाची. कीबोर्डवाल्याला गाण्यात श्वास घ्यावा लागत नाही. मी सूर धरला की धरून ठेवायची. ते माझ्या मागे उभे राहायचे, पाठीवर तळवा टेकवून. जिथे दम घ्यायचा तिथे तळवा उचलायचे. मी बोट उचलायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. पहिले काही दिवस गाण्याला उचकी लागल्यासारखं झालं. मग एका दुपारी लक्षात आलं की बाबा केव्हाच जाऊन खुर्चीत बसलेत, आणि माझं बोट आपोआप उठतंय.

बसक्या सुराचं मला भय वाटायचं. तो आला की मी एकतर घाईने ओलांडायची, नाहीतर त्यावर धपकन पडायची. बाबांनी सांगितलं, दुखऱ्या पायाने चालतात तसं चाल. पाय टेकायचा, भार टाकायचा नाही.

बाबांना माझ्यावर रागवायचं तर बोलावं लागतं आणि बोलायचं तर कवळी लागते, म्हणून ती दिवसभर तोंडातच राहायला लागली. चहा हक्काने मागितला जाऊ लागला. पेपर पुन्हा घरभर पसरायला लागला. आणि संध्याकाळी कधीमधी क्लॅरिनेट वाजायचं, फक्त खालचे सूर. तिथे पकड फार घट्ट लागत नाही. मास्तर तालमीला आले तेव्हा बाबांनी सहज सुचवल्यासारखं म्हटलं, वरचं ही वाजवेल, हिरड्या सावरल्या की खालचं मी धरेन, दोन क्लॅरिनेटं आजवर आपल्याकडे होती कुठे? मास्तर या खेपेला 'बघू' म्हणाले नाहीत. कुठल्या कुठल्या गाण्यांत, ते त्यांनी विचारलं.

माझी तयारी झाली त्या शनिवारी बाबा हॉलमध्ये आले, ते खारूला सांभाळायला म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं शेवटचं टेबल त्यांनी घेतलं. येणारेजाणारे वेटर त्यांची चौकशी करत होते आणि ते कवळी दाखवून हसत होते.

ते संथ गाणं आलं. मास्तरांनी काठ्यांनी ताल दिला. मी वाजवायला लागले आणि थोड्याच वेळात हॉलकडे बघायचं विसरले. बोट उठत होतं, श्वास येत होता. बसका सूर आला, मी पाय टेकला, भार टाकला नाही. मग ती चढण. एकेक करून वर, आणि वरच्या सुरावर पोचल्यावर तिथेच उभं राहायचं, घाई न करता. सूर उभा राहिला. हॉटेलचे मॅनेजर टेबलांमधून चालले होते, ते न थांबता तसेच पुढे गेले. त्यांनी दिलेली एवढी मोठी दाद मी कधी पाहिली नव्हती. गाणं संपलं तेव्हा दोनचार जणांनी काटे-चमचे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी माझ्याकडे न बघता शेवटच्या टेबलाकडे बघून मान डोलावली.

मीही तिकडे बघितलं. बाबा दोन्ही हात टेबलावर टेकून बसले होते. खालचा ओठ अजून दातांवर दुमडलेला होता. मग त्यांनी तो सोडला, कपाळ पुसलं, आणि पाण्याचा ग्लास उचलून थांबत थांबत प्यायला लागले.

तेवढ्यात खारू खुर्च्यांमधून वाट काढत पळत आली आणि माझ्या गुडघ्याला लोंबकळली.

"आई, वाजवत तर तू होतीस ना," ती म्हणाली, "मग आजोबांना धाप का लागली?"